पाहुणीचा अंबाडा

१

"मॅडम, आत सगळं बघा, पण त्या तांबूस विगला हात लावू नका," विगच्या दुकानातल्या जाळीवाल्यानं मला दारातच अडवलं. "तो वाढतोय."

"वाढतोय म्हणजे?"

"केस वाढतायत त्याचे. रोज सकाळी बघावं तर आदल्या दिवसापेक्षा बोटभर जागा जास्त भरलेली. ताई गेल्यापासून. कुणी त्याच्याजवळ फिरकतसुद्धा नाही हो, शपथ."

स्वच्छ ऊन पडलेलं, रस्त्यावर रहदारी, समोर शाळेची घंटा वाजतेय. भुताला काही काळवेळ असते की नाही? मी त्याला म्हटलं, "बाजूला व्हा," आणि आत गेले.

पुढे दुकान, मागे कारखाना, वरच्या मजल्यावर मालकांचं घर. नाटकवाल्यांना आणि आजारपणात केस गेलेल्यांना इथून विग जायचे. जाळीवाला लाकडी डोक्यांवर बारीक जाळी ठोकून बसवायचा. त्या जाळीत हुकाच्या सुईनं एकेक केस गाठ मारून ओवायचं काम वेगळ्या माणसाचं. मग मालक त्या लाकडी डोक्यावरच विग विंचरून त्याचा अंबाडा, बटा, भांग काय हवं ते करायचे, आणि मालकीणबाई तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसवून द्यायच्या. गाठी मारणारं माणूस मात्र हल्ली मिळत नाही, असं तिघंही रडत होते. आणि फळीवर तर गाठी मारून तयार झालेले विग ओळीनं बसलेले. मी ते आपलं मनात ठेवलं.

मी विमा कंपनीची तपासनीस. त्याआधी बरीच वर्षं व्हिसा कचेरीच्या खिडकीत बसले. "इथे येऊन काय करणार?" हा एकच प्रश्न विचारून माझा घसा बसला आणि "काही नाही, नुसते राहणार" हे एकच उत्तर ऐकून कान किटले.

ह्या घरात मालकीणबाईंची थोरली बहीण पाहुणी म्हणून आली होती. एका दुपारी ती वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत मेलेली सापडली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. तिची लेक धावत आली, आईला घरी न्यायला. ते न्यायचं काम आमच्या कंपनीचं, कारण थोरलीनं प्रवासाचा विमा काढला होता. फक्त एक अट होती. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्यानं इथे काम करायचं नाही, आणि काम करताना काही झालं तर विमा लागू नाही. सगळं सरळ चाललं होतं, तोवर कुणीतरी कंपनीला निनावी फोन केला. ती बाई पाहुणी नव्हती, कामाला होती, म्हणे.

लेक जिन्याच्या पायरीवर माझी वाट बघत बसली होती. डोळे सुजलेले, पण नजर सरळ.

"मला दोन गोष्टी हव्यात," ती म्हणाली. "आई कशी गेली ते कळायला हवं. आणि तिला घरी न्यायचंय. बाबा तिकडे वाट बघतायत. त्यांना प्रवास झेपणार नाही."

"दोन्ही मिळतीलच असं नाही, बरं का." मी गोड बोलायला जात नाही. नंतर निस्तरावं लागतं.

"माहीत आहे. तरी शोधा."

तेवढ्यात मागच्या खोलीतून मालकांचा आवाज आला. ओरडणं म्हणवणार नाही असा, दबका.

२

मागच्या खोलीत भिंतीभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर लाकडी डोकी. नाक नाही, डोळे नाहीत, नुसते केस. छतावरचा पंखा फिरला की सगळ्यांच्या बटा एकदम हलायच्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

मालक टेबलाजवळ उभे होते. समोर तांबूस केसांचा विग, लाकडी डोक्यावर चढवलेला. अर्ध्याहून जास्त भरलेला, उरलेल्या जागी नुसती जाळी. त्याच्या बाजूला एक पांढरं कापड चार पदरी घडी करून ठेवलेलं. मालक त्या घडीकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. काल मी हे कापड विगवर टाकून गेलो होतो." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कुणीतरी घडी घातली."

"घालू दे की. घडीनं काय बिघडलं?"

मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "हा विग कुणाच्या हातचा?"

"माझ्याच. माझ्याच हातचा."

"आणि तुमच्या आकडसासूबाई? त्या खाली कामाला बसायच्या नाहीत?"

"ताई? छे! पाहुण्या होत्या त्या. बागेत जायच्या, खिडकीत बसायच्या." मग आवाज चढला. "आणि समजा, घरच्या माणसानं कधी हातभार लावला, तर ते काम होतं का हो? मी काय पगार देत होतो? दोन वेळचं जेवण आणि राहायला खोली!"

हे वाक्य मी खिडकीत बसून हजार वेळा ऐकलंय. पगार नाही म्हणजे काम नाही, असं प्रत्येकाला वाटतं. मी त्यांना सांगितलं, "मालक, बहिणीच्या घरी भाजी चिरली तर कुणी विचारत नाही. पण जी वस्तू गिऱ्हाइकाला विकली जाते आणि जी करायला एरवी तुम्हाला माणूस ठेवावा लागला असता, ती पाहुण्यानं केली की ते काम झालं. पगार द्या नाहीतर नुसता चहा पाजा."

त्यांचा चेहरा उतरला. मी उठले. जाता जाता म्हटलं, "एक कळलं नाही. विग तुमच्या हातचा म्हणता. मग तो वाढला तर तुम्हालाच माहीत असणार ना कुणी वाढवला? त्याची भीती कसली वाटते तुम्हाला?"

मालक मटकन टेबलाशी बसले. पंखा फिरत होता आणि सगळी डोकी हलत होती. खोटं कशाला बोलू, दारातून बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं.

३

शवागारात मी लेकीबरोबर गेले. तिथली बाई समजूतदार होती. तिनं कपड्यांची पिशवी लेकीच्या हातात दिली, चादर खांद्यापर्यंत खाली केली आणि बाजूला झाली.

थोरली बहीण शांत झोपल्यासारखी दिसत होती. केस पांढरे, दाट. मानेवर एक देखणा अंबाडा, एक केस इकडचा तिकडे नाही. लग्नाला निघालेल्या बाईचा असावा तसा.

लेक पुढे वाकली. मग म्हणाली, "हा आईचा अंबाडा नाही."

"म्हणजे?"

"आई वेणी घालायची. घट्ट, साधी. अंबाड्याला तिच्याकडे वेळ कधी होता? आणि मॅडम, डोकं मागे टेकवून खुर्चीत पडायचं असेल तर कुणी एवढा मोठा अंबाडा घालेल का? टोचेल की."

बरोबर होतं पोरीचं. मी म्हटलं, "सोडायचाय?"

तिनं मान हलवली. मी आईचं डोकं हलकेच उचलून धरलं आणि ती बोटांनी चाचपू लागली. पहिली पिन निघाली. आपण केसांना लावतो तसली वाकडी पिन नव्हती. सरळ, जाड, डोक्याशी आडवी दांडी असलेली. तसल्या पिना मी सकाळीच बघितल्या होत्या, मालकांच्या टेबलावर वाटीत. विग लाकडी डोक्यावर पक्का बसावा म्हणून त्या ठोकतात.

आणि त्या केसांतून आडव्या घातलेल्या नव्हत्या. उभ्या होत्या, सरळ डोक्यात खुपसलेल्या.

एकेक पिन काढून लेक माझ्या तळहातावर ठेवत गेली. अंबाडा सुटला. पांढऱ्या केसांच्या मुळाशी, प्रत्येक पिनेच्या जागी, एकेक काळपट ठिपका होता. सुकलेल्या रक्ताचा.

"आईला दुखलं असेल हो," लेक म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला असल्या गोष्टी जमत नाहीत, पण तेव्हा जमलं.

ती शांत झाल्यावर आम्ही कपड्यांची पिशवी उघडली. पायमोज्याला बारीक केस चिकटलेले होते, तांबूस. म्हणजे थोरली बहीण त्या विगपाशी बसत होती, ह्यात आता शंका उरली नाही. निनावी फोन खरा होता.

पण माझ्या डोक्यात ते ठिपके बसले होते. बाहेर येऊन मी लेकीला बाकावर बसवलं, लांब जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.

४

मालकीणबाईंनी मला वर नेलं. खोली नीटनेटकी, खिडकीजवळ ती आरामखुर्ची. मालकीणबाई तिला वळसा घालून गेल्या, एखादं माणूस पाय पसरून बसलेलं असावं तसा.

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. ताईला जेवायला वाढलं. मग ती खुर्चीत बसली, मी स्वयंपाकघरात. चहाला हाक मारली तर..." पदर नव्हता म्हणून त्यांनी बाही डोळ्यांना लावली. हाताची नखं लांब, रंगवलेली. गिऱ्हाइकांसमोर जाणाऱ्या बाईची.

"अंबाडा कुणी घातला होता त्यांचा?"

त्या दचकल्या. मग घाईनं म्हणाल्या, "मीच. जेवण झाल्यावर. म्हटलं, सदा ती वेणी काय घालतेस, पाहुणी आलीयेस तर जरा पाहुणीसारखी राहा."

"पिना कुठल्या वापरल्यात?"

"घरातल्याच, दुसऱ्या कुठल्या?"

"बरं," मी म्हटलं. मला कळलं की बाई खोटं बोलतेय, आणि मनापासून बोलतेय. स्वतःला वाचवणारं माणूस इतकं कासावीस होत नाही.

खाली जाळीवाला माझी वाट बघत होता. काडीसारखा माणूस, हातात छोटी हातोडी. मी सरळ विचारलं, "कंपनीला फोन तुम्ही केलात ना?"

तो आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. "काय करू मॅडम? गाठींचं काम माझ्या बायकोला मिळणार होतं. ठरलं होतं तसं. मग ह्या ताई आल्या. हात असा, की बघत राहावं. त्यांच्यापुढे माझ्या बायकोला कोण विचारतंय? राग होता माझा. पण त्या बाईंवर नाही. आल्यापासून बिचारीनं बागेचं तोंड बघितलं नाही. सकाळी टोपी घालायची, आपला केस विगमध्ये जाऊ नये म्हणून, आणि बसायची ते संध्याकाळपर्यंत."

"आणि त्या दुपारी?"

"मी पुढे होतो. मागचं दार बंद होतं. मला काही ऐकू आलं नाही. आता मात्र येतं," तो कुजबुजला. "सकाळी दुकान उघडायला येतो ना, तेव्हा आतून सुईचा आवाज येतो. टिक, टिक. दार उघडलं की कुणी नाही."

५

दुपारी लेकीला घेऊन मी समोरच्या चहाच्या दुकानात गेले. कप उचलला तेव्हा तिची बोटं माझ्या नाकासमोर आली. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, तर्जनीच्या टोकाला सुईनं झालेली बारीक चाळणी. आणि बाहीच्या शिवणीत अडकलेला एक तांबूस केस.

"किती ओळी राहिल्या?" मी विचारलं.

कप खाली ठेवताना चहा सांडला. बराच वेळ ती टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कसं..."

"भूत असतं तर बाहीला केस चिकटले नसते. मावशीच्या नखांनी गाठ बसणार नाही. जाळीवाला जाळीच्या पलीकडे जात नाही, आणि मालक तर त्या विगला घाबरून अर्धे झालेत. उरलं कोण?"

"आईनंच शिकवलं मला, लहानपणी," ती म्हणाली. "आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले, आणि विग बघितला. आईची गाठ मी डोळे मिटून ओळखेन. प्रत्येक केस उजवीकडे कललेला. एक ओळ मधेच सुटलेली होती, मॅडम. आईनं ओळ अर्धी टाकून कधी पाणीसुद्धा प्यायलं नाही. मला बघवेना. मी बसले आणि ती ओळ पुरी केली. मग रोजच जायला लागले, सगळे उठायच्या आधी; दुकानाचं कुलूप वाजलं की वर पळते. तिथे बसलं की आईजवळ बसल्यासारखं वाटतं."

"म्हणजे आई काम करत होती हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तर ती घरी येणार नाही. दोन्ही मिळतीलच असं नाही, तुम्हीच म्हणालात."

मी माझा चहा संपवला.

"माझाही पाहुण्याचाच व्हिसा आहे," ती हळूच म्हणाली. "मीसुद्धा गुन्हा केला का?"

"तो विग विकायचाय?"

"नाही. मरेन पण विकू देणार नाही."

"मग ते काम नाही. बघा, कायदा इतका वाईट नसतो कधीकधी." तिला किंचित हसू आलं. पण एक गोष्ट मला खटकत होती. "कापडाची घडी कशाला घालायचात? मालक बिचारे..."

"कापडाची घडी?" तिनं माझ्याकडे बघितलं. "मी नाही घालत. मी तर ते खाली टाकून देते."

माझ्या मानेवर काटा आला. दिवसाढवळ्या, चहाच्या दुकानात.

६

मी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. मालक, मालकीणबाई, जाळीवाला, लेक. सगळे भिंतीला लागून उभे राहिले. मी जाऊन त्या आरामखुर्चीत बसले.

"अहो, तिथे नको!" मालक म्हणाले.

"का? खुर्चीच आहे." गादीत थोडा खळगा होता, कुणाच्यातरी पाठीचा. मी माझे केस सोडले आणि मालकीणबाईंना म्हटलं, "माझा अंबाडा घाला. ताईंचा घातलात तसाच." आणि खालून आणलेल्या वाटीतल्या त्या आडव्या दांडीच्या पिना त्यांच्यापुढे धरल्या.

त्या पुढे आल्या. केस विंचरले, पीळ दिला, गुंडाळला. पिन घालताना आधी त्यांचं बोट माझ्या डोक्याला लागायचं, मग त्या बोटावरून पिन आडवी सरकायची. सगळ्या पिना संपल्या. एकही टोचली नाही.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर जिवंत माणसांच्या डोक्याला हात लावलाय. तुम्ही ठरवलंत तरी तुमच्या हातून पिन उभी जाणार नाही. ताईंच्या डोक्यात सगळ्या पिना उभ्या होत्या. तो अंबाडा तुमचा नव्हे."

त्यांनी तोंडावर हात धरला.

"जाळीवाले रोज लाकडी डोक्यांवर काम करतात, उभंच ठोकतात. पण त्यांना अंबाडा येत नाही. केसांना त्यांचा हात कधी लागत नाही. आणि तो अंबाडा तर असा होता, की मी जन्मात इतका सुंदर बघितला नाही. लाकडी डोक्यावर अंबाडे घालणारा माणूस ह्या घरात एकच आहे." मी मान न वळवता म्हटलं, "मालक, आता तुम्ही घाला."

त्यांची पावलं जवळ आली. खांद्यामागे श्वास ऐकू येत होता. वाटीतली पिन उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. माझी टाळू आकसून आली होती आणि मला वाटत होतं की आपण उगाच शहाणपणा केला.

पिन जमिनीवर पडली.

"तिनं सुई ठेवली आणि मान टाकली," मालक म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी हलवलं, हाक मारली. नाडी लागेना. मला वाटलं, गेली. पलीकडच्या गल्लीत नुकतेच व्हिसाचे तपासणीवाले येऊन गेले होते, दुकानाला टाळं लावून. मला तेच दिसत होतं डोळ्यांपुढे. तिला उचलून वर आणली. अंगावरचा कामाचा झगा काढला, टोपी ओढून काढली तर सगळे केस विस्कटले. पाहुणी बाई अशी कशी दिसेल? मी विंचरायला लागलो. हात आपोआप चालले हो. मला विस्कटलेलं डोकं बघवत नाही. रोज तेच करतो ना मी."

"आणि ह्या कुठे होत्या?" मी मालकीणबाईंकडे बघितलं.

"गिऱ्हाइकाकडे," त्याच बोलल्या. "घरी आले तर हे म्हणाले, ताई खुर्चीतच गेली. मी अंबाडा बघितला. पंचवीस वर्षं बघतेय ह्यांचे अंबाडे, मला कळणार नाही? तोंड उघडलं तर घर जातं, दुकान जातं, नवरा जातो. गप्प बसले. तुम्हाला खोटं सांगितलं. पण खाली जाऊन रोज त्या कापडाची घडी घालत होते, ताई घालायची तशी चार पदरी. ह्यांना ती बघवत नाही हे मला दिसत होतं. बघू दे, म्हटलं. एवढं तरी बघू दे."

मग लेकीनं विचारलं, "पिनांच्या जागी रक्त का होतं?"

मी ह्याच प्रश्नाला घाबरत होते. डॉक्टरांनाही मी हेच विचारलं होतं.

"मेलेल्या माणसाला टोचलं तर तसं रक्त येत नाही," मी म्हटलं. "हृदय चालू असावं लागतं."

मालकांना समजायला वेळ लागला. आधी ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. मग जमिनीवर बसले आणि कपाळ फरशीला लावून, "ताई, ताई," एवढंच म्हणत राहिले. मालकीणबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. नवऱ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

७

लेक माझ्याबरोबर खाली आली. तिचा चेहरा कोरा झाला होता.

"वाचली असती का?"

"ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. कदाचित. मावशी घरी येईपर्यंत ती वर एकटी होती, एवढं खरं."

ती काउंटरला धरून उभी राहिली. मी बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. माझ्या स्वभावात बसत नाही, तरी म्हणून टाकलं, "हे बघा, पोलिसांना मला सांगावंच लागेल, तुमच्या काकांचं. पण कंपनीला काय कळवायचं ते अजून कळवलेलं नाही. थोरली बहीण पाहुणी होती, वर बसली असताना गेली, असं मी लिहू शकते. खोटं असेल, माझी नोकरीही जाईल कदाचित. जाऊ दे, कंटाळलेच आहे मी. आई घरी जाईल."

मोहात पडावं असंच होतं ते. तिनं डोळे मिटले. तिचे बाबा दिसत असणार तिला, दाराशी बसलेले.

"नको," ती म्हणाली. "काकांनी तिला टोपी काढून खुर्चीत बसवली. आता आपणही बसवायची का? माझी आई कुणाच्या घरी नुसती बसून जेवली नाही कधी. काम करताना गेली ती. तसंच लिहा."

"मग कंपनी नेणार नाही, आणि तो खर्च तुम्हाला झेपणार नाही. तिचं सगळं इथेच करावं लागेल. समजतंय ना?"

"समजतंय. बाबांना मी सांगेन." आणि आता मात्र तिचा बांध फुटला. काउंटरवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू आलं, त्यात लाजायचं काय?

पुष्कळ वेळानं तिनं तोंड पुसलं. "मॅडम, तुम्ही व्हिसाच्या कचेरीत होतात ना? मला एक सांगा. काकांनी त्याच क्षणी दवाखान्यात फोन केला असता, आई कामाच्या कपड्यांत सापडली असती, सगळ्यांना कळलं असतं. तर आईला काय शिक्षा केली असती त्यांनी? इतकं काय वाईट केलं असतं तिचं?"

खिडकीत बसून मी माणसांना तोंडावर वाट्टेल ते सांगितलंय. हे सांगताना मात्र मी खाली बघितलं.

"व्हिसा रद्द केला असता," मी म्हटलं, "आणि घरी पाठवून दिलं असतं."